आईचा मेंदू आकसतो, म्हणजे काय होतं?

नमस्कार. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर हार्मोन्स आईच्या मेंदूत काय घडवतात, हा आजचा विषय. सुरुवात मात्र उंदराच्या मादीपासून करते, कारण या क्षेत्रातला सगळ्यात मोठा धडा तिच्याकडूनच मिळालेला आहे.

कधीही न व्यालेल्या मादीसमोर दुसरीची पिल्लं ठेवली, तर ती त्यांच्यापासून लांब राहते. पिल्लांचा वासच तिला नकोसा असतो. पण अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातले जे रोझेनब्लाट यांनी 1967 मध्ये दाखवलं, की तिच्या पिंजऱ्यात रोज पिल्लं ठेवत गेलं तर साधारण आठवडाभरात तीच मादी बदलते. पिल्लांना चाटते, तोंडात धरून घरट्यात आणते, पाठ वाकवून त्यांना पोटाशी घेते. तिचे बीजांडकोश काढून टाकले तरी हे होतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी काढली तरी होतं. इतकंच काय, नरसुद्धा हे सगळं करायला लागतात.

पुढे रोझेनब्लाट आणि त्यांचे सहकारी जोसेफ टर्केल यांनी दुसरा प्रयोग केला, तो 1972 मध्ये प्रसिद्ध झाला. नुकत्याच व्यालेल्या मादीचं रक्त त्यांनी न व्यालेल्या मादीच्या शरीरात खेळवलं. आठवड्याचं काम 15 तासांच्या आत झालं. व्यायच्या एक दिवस आधीचं किंवा नंतरच्या दिवसाचं रक्त दिलं, तेव्हा मात्र तो परिणाम दिसला नाही.

हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहा. पिल्लांचं संगोपन करण्याची यंत्रणा मेंदूत आधीपासून असते, नरातही असते. सहवासाने ती जागी होते, पण त्याला दिवस लागतात. नवजात पिल्लाला तेवढे दिवस थांबता येत नाही. म्हणून गरोदरपणातली हार्मोन्स ही तयारी आगाऊ करून ठेवतात. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच : हार्मोन्स आई होण्याला लागणारा वेळ कमी करतात. पुढचं काम मूल स्वतः करतं, आणि ते पुष्कळ दिवस चालतं.

आता त्या रक्तात असतं काय? आपण माणसाकडे येऊ. पहिले आठ-दहा आठवडे प्रोजेस्टेरॉन मुख्यतः आईच्या बीजांडकोशातून येतं, मग ते काम वार स्वतःकडे घेते. नऊ महिने भरता भरता रक्तातलं प्रोजेस्टेरॉन मासिक पाळीच्या चक्रातल्या कमाल पातळीच्या कितीतरी पट झालेलं असतं. इस्ट्रोजेनची वाढ तर त्याहून मोठी. त्यातला एस्ट्रिऑल हा प्रकार एरवी शरीरात जेमतेम असतो. तो बनवायचा तर वारेला कच्चा माल लागतो, आणि हा कच्चा माल प्रामुख्याने गर्भाच्या मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून येतो. वार आणखी एक हार्मोन बनवते, प्लॅसेंटल लॅक्टोजेन. दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या हार्मोन पकडणाऱ्या जागांवर, काम करतं, त्याच ग्राहींवर तेही काम करतं.

मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते ती अशी, की वार बहुतांशी गर्भाच्याच पेशींची बनलेली असते. म्हणजे आईच्या मेंदूला जे निरोप जातात, त्यातले बरेचसे पोटातल्या बाळाकडून निघालेले असतात. आपली सोय बघण्याची व्यवस्था बाळ जन्माआधीच लावून ठेवतं म्हणा ना!

हे निरोप मेंदूत पोचल्यावर काय होतं, याचं एक सुंदर उत्तर 2023 मध्ये मिळालं. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्ये जॉनी कोल यांच्या गटाने हे काम उंदरांवर केलं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात गॅलनिन नावाचं रसायन बनवणाऱ्या काही चेतापेशी आहेत. पिल्लांची काळजी घेण्यासाठी त्या अत्यावश्यक असतात. गरोदरपणात इस्ट्रोजेनमुळे या पेशींची रिकाम्या वेळची खळबळ कमी होते, पण चेतना मिळाली की त्या अधिक जोरात पेटतात. प्रोजेस्टेरॉनमुळे त्यांना येऊन मिळणाऱ्या जोडण्या वाढतात. परिणाम असा, की पिल्लांकडून येणारा संकेत आता ठळकपणे उठून दिसतो. गोंगाट चाललेली खोली शांत केली की कुजबुजसुद्धा ऐकू येते, तसं. संशोधकांनी फक्त या पेशींमधून दोन हार्मोन्सचे ग्राही काढून टाकले, आणि गरोदरपणामुळे येणारा वागण्यातला बदल आलाच नाही. यातले काही बदल प्रसूतीनंतरही टिकून राहिले.

हे झालं उंदरांचं. माणसाच्या मेंदूत असं पेशी-पेशीत डोकावता येत नाही, आपल्याला एमआरआयवर भागवावं लागतं. बार्सिलोनात एल्सेलिन हुकझेमा, सुझाना कार्मोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी पण चिकाटीची गोष्ट केली. मूल व्हावं अशी इच्छा असलेल्या स्त्रियांचा एमआरआय त्यांनी गर्भधारणेच्या आधीच काढून ठेवला आणि बाळंतपणानंतर पुन्हा काढला. पहिलटकरणी होत्या 25. सोबत तुलनेला मूल नसलेल्या स्त्रिया होत्या, नव्याने बाप झालेले पुरुष होते आणि मूल नसलेले पुरुषही होते. निष्कर्ष 2016 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले : आयांच्या मेंदूतलं ग्रे मॅटर, म्हणजे चेतापेशी दाटीने असलेला भाग, ठरावीक ठिकाणी कमी झालं होतं. बापांमध्ये तसं काही दिसलं नाही. बदल इतका पक्का होता, की संगणकाला नुसती मोजमापं दिल्यावर यातली कोण गरोदर राहून गेली आहे, हे त्याने एकही चूक न करता ओळखलं. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हाही स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसचा काही भाग सोडला तर फरक तसाच होता. त्यातल्या काही आयांचा मेंदू सहा वर्षांनी पाहिला, तेव्हाही खुणा सापडल्या.

"मेंदू आकसतो" ही बातमी तिथून निघाली, आणि बिचाऱ्या बाळंतिणींना त्यावरून किती टोमणे ऐकावे लागले असतील कोण जाणे. म्हणून इथे जरा थांबू.

घट कुठे झाली ते पाहा. समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेताना जे भाग कामाला लागतात, त्यांच्याशी ही घट बरीच जुळत होती. बोलता न येणाऱ्या जिवाच्या चेहऱ्यावरून आणि रडण्यावरून त्याला काय हवं ते ओळखायचं, हे त्याच जातीचं काम आहे. आपल्या बाळाचे फोटो पाहताना यातले काही भाग जास्त सक्रिय होत होते. आणि घट जितकी जास्त, तितकी बाळाबद्दलची ओढ जास्त, असा संबंधही दिसला. नुसती झीज असती, तर असा संबंध दिसण्याची अपेक्षा कोणी केली नसती.

दुसरं, मेंदूत असं एरवी कधी होतं? वयात येताना. किशोरवयातही हार्मोन्सच्या लाटेबरोबर ग्रे मॅटर कमी होतं. कार्मोना यांच्या गटाने 2019 मध्ये दोन्हींची तुलना केली, तेव्हा बदलांचं स्वरूप खूपच सारखं निघालं. वयात येणाऱ्या मुलांचा मेंदू खराब होतोय असं कोणी म्हणत नाही. आईबाप वैतागून म्हणत असतील, ते वेगळं.

पण याच्या उलट टोकालाही जायला नको. "जास्तीच्या जोडण्या छाटल्या जातात आणि मेंदू अधिक कार्यक्षम होतो" असं छातीठोकपणे लिहिलेलं आढळलं, की मी सावध होते. एमआरआयला जोडण्या दिसत नाहीत. त्याला दिसतं ते आकारमान, आणि ते चेतापेशींशिवाय आधारपेशी, रक्तवाहिन्या, पाण्याचं प्रमाण अशा अनेक गोष्टींनी बदलतं. छाटणीची कल्पना पटण्यासारखी आहे, एवढंच आज म्हणता येईल.

बार्सिलोनाच्या अभ्यासात एक पोकळी होती : आधी आणि नंतर, पण मधले नऊ महिने रिकामे. ती पोकळी भरायला एक शास्त्रज्ञच पुढे आली. कॅलिफोर्नियातल्या एलिझाबेथ क्रॅस्टिल यांनी आपल्या स्वतःच्या गरोदरपणाचा अभ्यास होऊ दिला. गर्भधारणेच्या तीन आठवडे आधीपासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत त्यांचे 26 वेळा एमआरआय झाले, सोबत रक्ताच्या तपासण्या. लॉरा प्रिट्शेट, एमिली जेकब्स आणि सहकाऱ्यांनी हे काम 2024 मध्ये प्रसिद्ध केलं. ग्रे मॅटर आठवड्यागणिक उतरत गेलेलं दिसतं. त्याच वेळी मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या व्हाइट मॅटरची बांधणी मात्र सुधारते, दुसऱ्या तिमाहीच्या सुमारास कळस गाठते आणि प्रसूतीच्या आसपास मूळ पातळीवर येते. आधीच्या अभ्यासांत हे दिसणंच शक्य नव्हतं, कारण पाहायला गेलो तेव्हा सगळं पूर्ववत झालेलं!

एका व्यक्तीवरून नियम करता येत नाही, हे खरंच. पण 2025 च्या सुरुवातीला कार्मोना यांच्या गटाने 127 गरोदर स्त्रियांचा अभ्यास मांडला, आणि आलेख त्याच वळणाचा निघाला : ग्रे मॅटर जवळपास 5 टक्क्यांपर्यंत उतरतं, बाळंतपणानंतर पुन्हा काही प्रमाणात भरून येतं. या अभ्यासात ज्यांची जोडीदार स्त्री गरोदर होती अशा स्त्रियाही होत्या. त्याही आईच होणार होत्या, पण त्यांच्या मेंदूत हा आलेख उमटला नाही. इस्ट्रोजेनच्या चढउताराशी तो जुळला. म्हणजे हा भाग हार्मोन्सचाच.

विसराळूपणाबद्दल एका वाक्यात सांगून पुढे जाते. 2018 मध्ये 20 अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा गरोदर स्त्रियांची स्मरणशक्तीच्या चाचण्यांमधली कामगिरी, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, थोडी कमी दिसली. थोडी म्हणजे स्वतःला जाणवेल इतकी, कामधंदा अडेल इतकी नव्हे.

प्रसूतीच्या वेळी ऑक्सिटोसिन मंचावर येतं. गर्भाशयाच्या कळा आणि दूध उतरणं ही त्याची जुनी ओळखीची कामं. 1979 मध्ये कॉर्ट पेडरसन आणि आर्थर प्रँज यांनी ते न व्यालेल्या मादी उंदरांच्या मेंदूत सोडलं, आणि बऱ्याच माद्या लगेच पिल्लांची काळजी घ्यायला लागल्या. पण कोणत्या माद्या? ज्यांच्या अंगात इस्ट्रोजेन होतं त्या. जमीन आधी तयार असावी लागते. पुढे 2015 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बियांका जोन्स मार्लिन आणि रॉबर्ट फ्रोम्के यांनी दाखवलं, की ऑक्सिटोसिनमुळे उंदराच्या मेंदूचा ऐकण्याचा भाग पिल्लांच्या आर्त हाकेला नेमका प्रतिसाद द्यायला शिकतो. शिकतो हे महत्त्वाचं. त्याला हाक ऐकावी लागते, पुन्हा पुन्हा. ऑक्सिटोसिनला "प्रेमाचं हार्मोन" म्हणणं मला म्हणूनच आवडत नाही.

आता या गोष्टीची अवघड बाजू. वार बाहेर पडली की कारखानाच बंद. नऊ महिने चढत गेलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत कोसळतं. हे प्रत्येक बाळंतिणीच्या बाबतीत होतं. मग नैराश्य काहींनाच का येतं?

मिकी ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये याचं उत्तर मोठ्या कल्पकतेने शोधलं. गरोदर नसलेल्या 16 स्त्रिया घेतल्या. आठ जणींना आधीच्या बाळंतपणात नैराश्य आलं होतं, आठ जणींना नव्हतं. सगळ्यांची स्वतःची हार्मोन्स औषधाने थांबवली, आठ आठवडे बाहेरून इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन भरपूर दिलं आणि मग ते काढून घेतलं. पहिल्या गटातल्या पाच जणींची मनःस्थिती ढासळली. दुसऱ्या गटातल्या एकीचीही नाही. घरात बाळ नाही, जागरण नाही, टाके नाहीत, सासर-माहेर नाही. फक्त हार्मोन्सचा चढउतार, आणि त्याला काही जणींचा मेंदू जास्त संवेदनशील. "मनाने खंबीर राहा" असं बाळंतिणीला सांगणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

उपचारांची एक नवी वाटही इथूनच निघाली. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नेनोलोन नावाचा पदार्थ बनतो. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे ग्राही त्याच्यामुळे अधिक काम करतात. प्रसूतीनंतर तोही झपाट्याने उतरतो. तोच पदार्थ शिरेतून 60 तास देण्याच्या ब्रेक्सॅनोलोन या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली, आणि 2023 मध्ये 14 दिवस घ्यायच्या झुरानोलोन या गोळीला. नेहमीची नैराश्याची औषधं आणि समुपदेशन यांचं स्थान यामुळे गेलेलं नाही, आणि गोळीमुळे घरातली मदतही वाढत नाही.

श्रोत्यांमधून एका बाईंनी विचारलं आहे : दत्तक मूल घेणारी आई, किंवा बाप, यांचं काय? इस्राएलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने 2014 मध्ये 89 नव्या पालकांचा अभ्यास केला. त्यात समलिंगी जोडप्यांमधले, बाळाचं सगळं स्वतः करणारे पुरुष होते. बाळाची चित्रफीत पाहताना त्यांच्या मेंदूतला अमिग्डाला हा भावनांशी संबंधित भाग जवळजवळ आयांइतकाच सक्रिय होत होता. एकूणच बापांमध्ये, जो बाळाचं जितकं जास्त करत होता, तितके त्याच्या मेंदूतले संबंधित भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले होते. तेव्हा ज्याला हार्मोन्सचा आगाऊ हप्ता मिळालेला नाही, त्यानेही बाळाला अंघोळ घालावी, रात्री उठावं, खांद्यावर घेऊन फिरवावं. मेंदू त्याची दखल घेतो.

दुसरा प्रश्न, डॉक्टरांकडे कधी जायचं? पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं, चिडचिड होणं फार जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळात मन लागेना, बाळ झोपलेलं असूनही झोप लागेना, अपराधीपणा सरेना, तर दाखवायचं. बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणाऱ्या एडिनबरा मापनपट्टीचे दहाच प्रश्न असतात, 1987 पासून वापरात आहेत, उत्तरं द्यायला पाच मिनिटं लागतात. आणि भास होणं, भलत्याच गोष्टींवर ठाम विश्वास बसणं, दिवसेंदिवस झोपेची गरजच न वाटणं, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं, यातलं काही दिसलं तर ती तातडीची वेळ आहे. भास-भ्रमांचा हा आजार, म्हणजे प्रसूतीनंतरचा सायकोसिस, हजारात एक-दोघींना होतो आणि उपचाराने बरा होतो, पण तोवर आईला एकटीला किंवा बाळासोबत एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.