ज्वारीच्या जोडीला दाणा

(दृश्य: परभणीजवळचं शेत. पौषातली सकाळ. आगटीतून कणसं बाहेर काढली जातायत.)

कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजायचं, गरम आहे तोवरच तळहातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. मऊ, हिरवा हुरडा पत्रावळीवर पडतो. शेजारी शेंगदाण्याची चटणी असते, लसूण-तिखट घालून खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली. मराठवाड्यात नुसता हुरडा कुणी पाहुण्यापुढे ठेवत नाही. ज्वारी आणि दाण्याची ही जोडी चवीसाठी जमली असेल, पण तिचा संबंध माणसाच्या कातडीशीही आहे.

(दृश्य: भाकरी थापणारे हात. चुलीचा उजेड.)

१९५०-६०च्या सुमारास हैदराबादच्या दवाखान्यांत दख्खनच्या पठारावरची गरीब माणसं एक विचित्र त्वचारोग घेऊन यायची. ऊन लागतं तेवढीच कातडी काळवंडलेली, सोलवटलेली. हाताचे पंजे, पावलं, आणि गळ्याभोवती पट्टा. सोबत जुलाब. दुखणं वाढलं की भ्रम. हा पेलाग्रा. बी-३, म्हणजे नायसिन, हे जीवनसत्त्व कमी पडलं की होणारा आजार. इतर देशांत तो मका खाणाऱ्यांना व्हायचा, इथे ज्वारी खाणाऱ्यांना होत होता.

आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकंठिया यांनी याचा छडा लावायला घेतला. ज्वारीत ल्यूसीन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, जास्त असतं, त्यामुळे शरीरातलं नायसिनचं गणित बिघडतं, असं त्यांनी १९६० साली मांडलं. या कारणावर पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले. रुग्णांच्या ताटाबद्दल मात्र दुमत नव्हतं: ज्वारी, ज्वारी आणि ज्वारी. सोबत डाळ नाही, दूध नाही, दाणा नाही.

१०० ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण १२ मिलिग्रॅम नायसिन असतं. बैठं काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला ११ ते १४ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे मूठभर, ३० ग्रॅम दाण्यांतून त्याचा पाव हिस्सा निघतो. शिवाय दाण्याच्या प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर थोडं नायसिन स्वतःही बनवतं. वनस्पतिशास्त्र भुईमुगाला कडधान्यांच्या कुळात घालतं, पण पोषणाच्या हिशोबात तो बदाम-काजूंच्याच पंगतीला बसतो. आणि या पंगतीत गरिबाला परवडणारा तोच आहे.

(दृश्य: मोंढ्यातली अडत. पोत्यातून ओंजळीत घेतलेले लाल दाणे.)

दुसरी गोष्ट जस्ताची, म्हणजे झिंकची. इराणमधल्या शिराझजवळच्या खेड्यांत डॉ. आनंद प्रसाद या भारतीय डॉक्टरांना वाढ खुंटलेले तरुण आढळले. एकवीस वर्षांचा मुलगा दहाचा दिसत होता, कातडी खरखरीत, कोरडी. जेवण जवळपास रोटीचंच. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य जस्ताला धरून ठेवतं, त्यामुळे ते आतड्यातून रक्तात नीट उतरत नाही. १९६१ साली ही निरीक्षणं प्रसिद्ध झाली. जस्त घटलं की जंतुसंसर्गाशी झुंजणाऱ्या टी पेशी दुबळ्या होतात, हेही प्रसाद यांनीच पुढे दाखवलं. दाण्यांत, काजूत, तिळात जस्त आहे. फायटेट त्यांच्यातही आहे, म्हणून ते सगळं पदरात पडत नाही. भिजवल्याने, मोड आणल्याने फायटेट थोडं कमी होतं.

बदामाचा मान ‘ई’ जीवनसत्त्वामुळे. १०० ग्रॅम बदामांत ते २५ मिलिग्रॅमच्या आसपास, शेंगदाण्यांत ८च्या आसपास. त्वचेच्या पेशींमधली स्निग्ध द्रव्यं उन्हाने खराब होतात, ती हे जीवनसत्त्व सांभाळतं. रोज बदाम खाल्ल्याने सुरकुत्या किंचित कमी झाल्याचं अमेरिकेतल्या काही अभ्यासांत दिसलं, पण त्या स्त्रिया मोजक्याच होत्या आणि पैसा बदाम उत्पादकांच्या मंडळाचा होता. बदाम खा आणि उजळा, असं सांगणाऱ्या जाहिरातींवर कुणी घरखर्चातले पैसे घालू नयेत. कमतरता असेल तिथे दाणा उपयोगी पडतो. पोटभर चौरस जेवणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्याने वेगळं तेज चढेल, असा पुरावा नाही.

(दृश्य: दगडावर बिब्बा फोडणारी बाई. बोटं जवळून.)

आणि ही गोडंबी. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते ती. बिब्ब्याच्या आतला हा गर काढायला बाई हाताला राख किंवा तेल चोळते, बिब्बा दगडावर उभा धरते आणि बेताचा घाव घालते. घाव जोरात बसला तर सालीतलं काळं तेल उडतं. जिथे पडेल तिथे बिब्बा उततो, फोड येतात, डाग वर्षानुवर्षं राहतो. त्या तेलातली द्रव्यं कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात आणि रोगप्रतिकारशक्ती आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडते. लाडवातली गोडंबी गोड लागते, तेव्हा या बोटांची आठवण ठेवायला हवी.

प्रतिकारशक्तीची वेगळ्या तऱ्हेची गफलत काहींच्या बाबतीत शेंगदाण्यानेही होते. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, दम लागला तर तडक दवाखाना गाठायचा. आणि लहान लेकराला अख्खा दाणा कधीच द्यायचा नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट करून द्यावा.

(दृश्य: अंगणात वाळत घातलेल्या शेंगा. वर ढग.)

काढणीच्या वेळी पाऊस आला आणि शेंगा ओल्याच पोत्यात भरल्या, की बुरशी धरते. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा त्याचा शोध लागला. ते यकृत बिघडवतं, प्रतिकारशक्तीही खच्ची करतं, आणि भाजल्याने पुरतं जात नाही. सुरकुतलेला, काळपट किंवा हिरवट बुरा आलेला, चवीला कडू दाणा निवडून टाकायचा. कुटात नाही, जनावराच्या पेंडीतही नाही. शेंग कानाशी हलवली की आतला दाणा खुळखुळायला हवा, तोवर पोतं शिवायचं नाही.