प्लॉट नंतर बघा, आधी गेटपर्यंतचा रस्ता तपासा

नमस्कार मंडळी. हिंगणा, काटोल रोड, उमरेड रोड, नागपूर शहराबाहेर कुठंही निघा, दोन-दोन एकरांचे ले-आउट पडलेले दिसतात. आज आपण त्यातला एकही प्लॉट बघणार नाही. डांबरी रस्त्यापासून गेटपर्यंतचा पट्टा तेवढा बघू, कारण लहान प्रस्तावाचं घोडं बहुतेक वेळा तिथंच अडतं.

समजा, दोन एकर आहेत, म्हणजे सुमारे 8,094 चौरस मीटर. मधे दुसऱ्याचा खसरा, म्हणजे जमिनीचा गट, त्यातून 140 मीटर जायचं. ले-आउटमध्ये 9 मीटरचे रस्ते दाखवलेत, तर पोचमार्गही तेवढा हवा. 140 गुणिले 9 म्हणजे 1,260 चौरस मीटर, जवळपास साडेबारा गुंठे. एवढी जमीन शेजाऱ्याची अडकणार. ती कोणत्या कागदावर मिळाली, हे विचारा.

विकणाऱ्याची उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘इथं पांदण आहे ना!’ गाव नकाशा काढा. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी म्हणजे पायमार्ग. गाडीमार्ग साधारण साडेसोळा ते एकवीस फुटांचा, आणि 9 मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट. उरलेले फूट कोणाच्या धुऱ्यातून, म्हणजे बांधातून, येणार?

दुसरं, ‘तहसीलदारांचा आदेश आहे.’ महसूल संहितेच्या कलम 143 खालचा रस्ता शेतकऱ्याला शेतात जाण्यासाठी असतो. वीस-पंचवीस घरांच्या गाड्यांसाठी तो दाखवू नका.

तिसरं, ‘वहिवाट जुनी आहे.’ असेलही. आपल्या विदर्भात वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे गावच्या रूढी-हक्कांच्या नोंदवहीत, वाटेच्या हक्काची नोंद सापडू शकते, ती जरूर बघा. पण 1882 च्या ईझमेंट (वहिवाटीच्या हक्काच्या) कायद्याचं कलम 29 सांगतं की आपल्या जमिनीत बदल करून दुसऱ्याच्या जमिनीवरचा हक्क भरमसाठ वाढवता येत नाही. बैलबंडीची वाट टिप्परची होत नाही.

राहिलं चौथं, संमतीपत्र. स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेलं असलं, तर त्यावर पैसे लावू नका. पट्टा विकत घेतलेला असावा, नाहीतर हक्काचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला असावा. त्यात खसरा क्रमांक, लांबी, रुंदी मीटरमध्ये, चतुःसीमा आणि मोजणीचा नकाशा हवा. सगळ्यात जास्त सुटणारी ओळ म्हणजे पाण्याची पाईपलाईन, विजेचे खांब आणि सांडपाणी नेण्याचा हक्क. नुसतं ‘जाण्यायेण्यासाठी’ लिहिलं, तर नंतर खोदकामाच्या वेळी शेजारी आडवा येतो, आणि कागद त्याच्या बाजूनं असतो. हक्क वारसांवर आणि पुढच्या खरेदीदारावर बंधनकारक आहे, हेही लिहून घ्या.

मग शेजाऱ्याचा सातबारा उघडा. बहिणींसकट सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का? बँकेचा बोजा असेल तर तिची ना-हरकत? भोगवटादार वर्ग 2, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर आधी परवानगी. दस्त झाल्यावर फेरफार त्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढला पाहिजे. आपल्याच सातबाऱ्यावर चढवून समाधान मानणारे पुष्कळ आहेत.

आता प्रत्यक्ष जागेवर या. टेप सगळ्यात अरुंद ठिकाणी लावा, गेटपाशी नाही. खांब, झाड, नाली वजा करून मोकळी रुंदी धरा. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते; तिच्यावर सरळ गिट्टी टाकली तर ती दोन पावसाळ्यांत मातीत बसते. वरची माती काढून मुरूम थराथरानं दाबायचा, मग खडीकरण. 9 मीटर रुंदीत मधला भाग कडांपेक्षा 11 ते 13 सेंटिमीटर उंच ठेवा, म्हणजे पाणी कडेला जातं. दोन्ही बाजूंना नाली, ओघळ आडवा असेल तिथं पाईप. फार बारीक पाईप पालापाचोळ्यानं तुंबतो.

आतलं झटपट बघू. 4,000 चौरस मीटरच्या वर दहा टक्के खुली जागा लागते, इथं सुमारे 809. आतला रस्ता बंद टोकाचा असेल तर गाडी वळायला जागा हवी. आठपेक्षा जास्त प्लॉट असतील तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा) नोंदणी क्रमांक मागा. जाहिरातीतल्या ‘एनए-टीपी’ (अकृषिक आणि नगररचना मंजुरी) शब्दावर जाऊ नका, एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, हद्दीत असाल तर त्यांचाच मंजूर नकाशा आणि आदेश बघा.

दुरुस्ती कोण करणार? रस्ता खासगी आहे तोवर ग्रामपंचायत त्यावर खर्च करेल असं गृहीत धरू नका. प्लॉटधारकांची संस्था आणि वर्गणीचा हिशोब विक्रीखतातच घाला. आणि इसार देताना इसारचिठ्ठीत लिहून घ्या की पोचमार्गाचा फेरफार मंजूर झाल्याशिवाय उरलेली रक्कम द्यायची नाही.