फेरारी एफ ४० की पोर्शे ९५९? भारी कुठली आणि महाग कुठली

नमस्कार मंडळी, आज आपल्या रेडिओ कार्यक्रमात अशा दोन गाड्यांवर बोलायचंय ज्या आपल्या पुण्यात एफसी रोडवर दिसायचे चान्सेस जवळपास शून्य, कारण दोन्ही लेफ्ट हँड ड्राइव्ह, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे, आणि तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी बाहेरून आणायला आपल्याकडे एरवी परवानगीच नाही. पण चाकणला गाड्या जोडणारे, टेकडीवर एआरएआयमध्ये गाड्या तपासणारे एवढे लोक या गावात आहेत, मग गप्पा मारायला काय जातंय.

एक फेरारी एफ ४०, १९८७ ची. दुसरी पोर्शे ९५९, त्याच सुमाराची. कागदावर फेरारी ४७८ हॉर्सपॉवर, टॉप स्पीड ताशी ३२४ किलोमीटर, पोर्शे ४५० आणि ३१७. झालं, फेरारी जिंकली? थांबा की जरा. शून्य ते शंभर पोर्शे चार सेकंदांच्या आत जाते आणि फेरारीला चारच्या वर लागतात, कारण पोर्शेत चारही चाकांना ताकद मिळते आणि पुढे किती, मागे किती हे इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं, तेही ऐंशीच्या दशकात!

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारे पंखे, दोघींनाही दोन-दोन, पण खरी गंमत इथंच आहे. फेरारीत दोन्ही टर्बो एकदम कामाला लागतात, म्हणून खालच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असताना, गाडी नुसती सुस्त आणि मग अचानक पाठीत लाथ बसते. पोर्शेत आधी एकच टर्बो फिरतो, इंजिनानं वेग घेतला की दुसरा जॉइन होतो, मग ओढ कशी सलग. फेरारीत एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, कार्पेट नाही, दार आतून उघडायला हँडलसुद्धा नाही, वायर ओढायची. रेडिओपण नाही, म्हणजे हा कार्यक्रम त्यात बसून ऐकायची सोय नाही. पोर्शेत टायरची हवा कमी झाली की इशारा मिळतो, गाडी वर-खाली करता येते (आपले स्पीडब्रेकर आठवा), आणि हीच गाडी १९८६ च्या पॅरिस-डकार रॅलीत पहिली आणि दुसरी आली.

आता पैसे. एफ ४० तेराशेच्या वर बनल्या, ९५९ तीनशेच्या आसपास, म्हणजे दुर्मिळ कोण ते उघड आहे. तरी लिलावात एफ ४० वीस लाख डॉलरच्या सहज पुढे जाते आणि साधी ९५९ बहुतेक वेळा तिच्या मागेच राहते. २९ च बनलेली स्पोर्ट ९५९ मात्र वेगळी, तिचा भावच निराळा. असं का? एन्झो फेरारींनी स्वतः हिरवा कंदील दाखवलेली शेवटची गाडी एफ ४०, १९८८ मध्ये ते गेले, आणि तसली रांगडी गाडी आता कुणी बनवणार नाही. ९५९ मध्ये जे तेव्हा अचाट होतं ते आता तुमच्या-माझ्या फॅमिली कारमध्ये येतं, टायरचा इशारा घ्या नाहीतर चार चाकांची ड्राइव्ह घ्या, त्यामुळे ती काळाच्या पुढे होती हेच तिच्या भावाला मारक ठरलं असं मला वाटतं. पोर्शेला तर ती विकतानाच प्रत्येक गाडीमागे तोटा होत होता.

मला विचाराल तर चालवायला ९५९, डोळे झाकून. आणि परदेशात कुणा नातेवाईकाला एफ ४० चा मोह झालाच, तर त्यांना एवढंच सांगा, पेट्रोलच्या टाकीतली रबरी पिशवी शेवटची कधी बदलली ते आधी विचारा, कारण ती ठराविक वर्षांनी बदलावीच लागते आणि खर्च अंगावर येतो.