मालाचा धनी

अजून उजाडलेलं नाही. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात टेम्पो लागतायत. हमाल क्रेट उतरवून गाळ्यात थप्पी लावतायत. माल पोचलाय, पण मालाचा धनी इथे नाही. तो गावाकडे, रानात आहे. त्याच्या वतीनं भाव ठरवणार आहे अडत्या, आणि तो ठरवेल तो सौदा शेतकऱ्यावर बंधनकारक राहणार.

शेतकरी म्हणतो, 'माल अडत्याला घातला.' कायदा असं म्हणत नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं दहावं प्रकरण, कलम 182 पासून पुढे, याच नात्याबद्दल बोलतं. विकला जाईपर्यंत माल शेतकऱ्याचाच. अडत्या त्याचा प्रतिनिधी.

म्हणूनच मालकानं मागितला की हिशेब द्यावाच लागतो, कलम 213. त्याहून कडक आहे 216. शेतकऱ्याला कळू न देता अडत्यानं तोच माल स्वतःसाठी घेतला आणि पुढे चढ्या भावानं विकला, तर तो वरचा नफा शेतकरी मागू शकतो. रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे बंद व्हावेत, लिलाव उघड व्हावा, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची.

2016 साली महाराष्ट्रात फळं-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. मग अडत्या आता खरेदीदाराचा माणूस झाला का? नाही. अडत कोण देतं यापेक्षा माल कोणाच्या वतीनं विकला, हे मोठं.

खरी गाठ आहे उचलीत. बियाण्याला, औषधाला अडत्याकडून आधीच पैसे घेतलेले असतात. कलम 202 मधलं उदाहरण कापसाचंच आहे: कापसाच्या 1,000 गाठी, त्यावर दिलेली उचल, आणि विकून आलेल्या पैशातून ती फेडून घ्यायची मुभा. असा अधिकार मालकाला मधेच काढून घेता येत नाही. मला हे रास्त वाटतं. ज्याचे पैसे अडकलेत त्यालाही आधार हवा. पण उचल घेतली म्हणून हिशेब मागायचा हक्क गेला, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कर्जाच्या ओझ्यानं माणूस विचारायलाच कचरतो, एवढंच.

दुपारी टेम्पोवाल्याच्या हाती पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, गावात येते. वजन, भाव, हमाली, तोलाई, वजा उचल. बांधावर बसून शेतकरी एकेका आकड्यावरून बोट फिरवतो. वजनापाशी बोट थांबतं. खिशातून फोन काढून तो गाळ्यावर लावतो.