डासाच्या लाळेतून उंदरापर्यंत

[दृश्य : मायक्रोस्कोपखाली डास, दोन सुया]

एका सुईनं डासाची छाती दाबून धरायची. दुसरी मानेवर टेकवायची आणि डोकं हळूहळू ओढायचं. घाई केली की डोकं नुसतंच तुटून येतं. हात बसला असेल तर मागून लाळग्रंथी येतात. काचेसारख्या पारदर्शक, दोन्हीकडे तीन-तीन बोटं. वर कव्हरस्लिप ठेवून जरासं दाबलं की ग्रंथी फुटते आणि मलेरियाचा परजीवी असेल तर विळ्यासारखे वाकलेले बारीक धागे बाहेर सांडतात. हे स्पोरोझोइट, डास चावताना लाळेतून अंगात शिरणारं परजीवीचं रूप.

मलेरिया कुठला डास पसरवतो हे शोधायचं, तर असे डास फोडत बसण्यावाचून इलाज नसतो. तेव्हाच्या बेल्जियन काँगोत, कटांगा प्रांतात, डॉक्टर इग्नास व्हिंके हेच करत होते. 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला ॲनॉफिलीस ड्युरेनी या डासात त्यांना हे धागे दिसले. पण हा डास नदीकाठच्या गर्द झाडीतला, माणसाच्या वाटेला फारसा न जाणारा. मग हा मलेरिया कुणाचा?

[दृश्य : नदीकाठची झाडी, रात्र, फांदीवर उंदीर]

डासांच्या पोटातलं रक्त रानातल्या लहान सस्तन प्राण्यांकडे बोट दाखवत होतं. उत्तर मिळालं 1948 साली, याच उंदरात : ग्रॅमोमिस सुरडास्टर. रात्री झुडपांत चढणारा, अंगापेक्षा शेपटी लांब. व्हिंके आणि त्यांचे सहकारी मार्सेल लिप्स यांनी त्याचं रक्त तपासलं.

[दृश्य : काचपट्टी, जिम्साचा रंग]

एक थेंब. दुसऱ्या पट्टीच्या कडेनं तो पसरायचा, वाळू द्यायचा, मिथेनॉल, मग जिम्सा. परजीवीचं अंग निळं, केंद्रक लालसर. हा गडी कोवळ्या तांबड्या पेशींवर जास्त तुटून पडतो, एकेका पेशीत दोघं-तिघं दाटीनं बसतात. आणि प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांत तो वाढला, जे माणसाच्या मलेरियाला जमत नाही. जात नवी होती. नाव ठेवलं प्लास्मोडियम बर्गेई, बेल्जियमचे प्राध्यापक लुई व्हान डेन बर्गे यांच्यावरून. ज्या डासानं पत्ता दिला, त्याच्या वाट्याला काही नाही.

[दृश्य : इन्क्युबेटर, आकडा 20 अंश]

पुढची बरीच वर्षं प्रयोगशाळांनी हा परजीवी सुईनंच एका उंदरातून दुसऱ्यात टोचत जगवला. डासातून काही केल्या तो पुढे जाईना. आपल्याकडे डास म्हटलं की उकाडा. तिथंही तसंच धरलं गेलं आणि डास उबेत ठेवले गेले. कटांगा मात्र उंचावरचा, झाडीतली हवा थंड. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मेयर योएली यांच्या गटानं डास रानातल्यासारखेच, 18 ते 21 अंशांत ठेवले, आणि लाळग्रंथी भरल्या. रानाचं तापमान आधीच कुणी नीट मनावर घेतलं असतं तर?

1967 साली रूथ नुसेनझ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले हेच स्पोरोझोइट टोचून उंदरांना संरक्षण दिलं. त्या वाटेनं 2021 मध्ये मुलांसाठी पहिल्या मलेरिया लशीची शिफारस झाली, 2023 मध्ये दुसरीची, आणि ती पुण्यात सीरममध्ये बनते.

[दृश्य : पुन्हा दोन सुया. निवेदन नाही, फक्त खोलीतला आवाज.]