मोटर रुसते तेव्हा

नमस्कार मंडळी. पोरगं पळता पळता खाटेला धडकतं, भोकाड पसरतं, आणि आजी आधी खाटेला दोन फटके देते मग पोराला उचलते. सगळ्यांनी बघितलंय हे. खाटेला लागत नाही हे आजीला माहिती असतं, तरी मारते. तर आज हेच बोलू, निर्जीव वस्तूला आपण मन का देतो.

1944 साली अमेरिकेत फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी एक छोटी फिल्म दाखवली. त्यात काय, तर एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक गोल आणि दार असलेली एक चौकट, बस. 34 जणींना विचारलं काय दिसलं, तर एक सोडून सगळ्यांनी भांडण, भीती, दादागिरी अशी गोष्टच सांगितली. नुसत्या आकृत्या हलल्या, आणि माणसाला त्यात माणसं दिसली.

पण मला सांगायचंय ते माझ्या मामांचं. जळगाव जिल्ह्यात चोपड्याकडे त्यांचा केळीचा मळा, विहिरीवर जुनी मोटर. रात्रीची लाइट आली की अख्ख्या शिवारातल्या मोटरी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं, आणि मामांची मोटर नुसती गुंऽऽ करते आणि स्टार्टर खटकन पडतो. (शेतकऱ्याला लाइट दिवसाच पाहिजे, साप-विंचवात रात्री माणूस पाठवणं बरोबर नाही, हे मी दर वेळी बोलणार.) वायरमननं मामांना सगळं समजावलं, मामांनी मान डोलावली, आणि लगेच कोठडीत जाऊन मोटरवर हात ठेवून म्हणाले, "काय व्हयनं तुले आज? चाल व माय, रुसू नको." तोवर बाहेर आम्ही पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, वांगी भाजायचो, आणि भरीत ते पऱ्हाट्यांवरचंच, गॅसवर भाजलेल्याला मी भरीत म्हणत नाही. थोड्या वेळानं शेजारच्या दोन-चार मोटरी बंद व्हायच्या, व्होल्टेज चढायचं, मोटर चालू. मामा बाहेर येऊन म्हणायचे, बघा, ऐकलं ना तिनं!

दसऱ्याला झेंडूची पहिली माळ मोटरला. नवा ट्रॅक्टर दारात उभा, त्याला नंतर. का, तर तो बिचारा कधी बिघडत नाही, त्याला काय मनवायचं.

मग मामी गेल्या. मामेभावानं मोबाइल स्टार्टर बसवला, घरी खाटेवर पडून फोनवरून मोटर चालू करायची, मळ्यात जायची गरजच नाही. तरी मामा रात्री जायचे. केळीचा भाव काय निघाला, कुणाच्या पोरीचं जमलं, सगळं मोटरला सांगायचे. मामेभाऊ घाबरला, मला फोन केला, म्हणे बाबांच्या डोक्याला काही झालं का.

काही झालं नव्हतं. जी वस्तू कधी चालते कधी नाही, तिलाच आपण जास्त मन देतो, हे 2010 साली संशोधकांनी दाखवलंय, ज्यांचा कॉम्प्युटर जास्त बिघडतो त्यांना त्याला मन आहे असं जास्त वाटतं. पुन्हा सांगतो, बिघडणाऱ्या वस्तूला मन. म्हणून ट्रॅक्टर नाही, मोटर. आणि दुसरं कारण एकटेपणा. 2008 च्या एका अभ्यासात लोकांना यंत्रं दाखवली, त्यात चाकं लावलेलं, वाजता वाजता पळून जाणारं गजराचं घड्याळसुद्धा होतं, तर ज्यांना एकटं वाटत होतं त्यांना या यंत्रांत माणूसपण जास्त दिसलं. बोलायला माणूस कमी पडला की मन जे जवळ असेल त्याच्याकडे वळतं.

मामेभावाला मी एवढंच म्हटलं, डॉक्टर नंतर बघ, आधी रात्री मळ्यात जाऊन त्यांच्याजवळ बस. तो जातो आता. मामा त्याच्याशी बोलतात, मोटरशी पण बोलतात, आणि ते बंद करा असं मी तरी त्यांना कधी सांगणार नाही.