बॅरलमधली बिअर, संत्र्याची साल अन् आपला उन्हाळा

काय म्हणता राजेहो! परवा नागपुरात धरमपेठेत मित्रासोबत बसलो होतो, मेनूत एक नवीन पान चिकटवलेलं, वर 'सीझनल', खाली 'बॅरल एज्ड स्टाउट', म्हणजे पिंपात मुरवलेली बिअर, अन् किंमत साध्या बिअरच्या तिप्पट. मित्र म्हणे, "काहून बे, सोन्याच्या पिंपात ठेवली का?"

सोन्याच्या नाही, लाकडाच्या, अन् तेही बहुतेक सेकंडहँड. अमेरिकेत कायदाच असा आहे की बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या कोऱ्या ओकमध्येच मुरवायची, म्हणजे एकदा वापरलेल्या पिंपात परत बर्बन भरता येत नाही. मग साधारण 200 लिटरची ही पिंपं काही स्कॉटलंडला जातात, काही रमवाल्यांकडे अन् काही बिअरवाल्यांकडे. शिकागोच्या गूज आयलंड नावाच्या ब्रुअरीनी नव्वदच्या दशकात त्यात काळी घट्ट स्टाउट भरली अन् मग सगळेच त्या नादाला लागले.

आत काय होतं ते ऐका, मजा आहे. लाकडातलं लिग्निन जळून फुटलं की व्हॅनिलिन तयार होतं, तोच व्हॅनिलाचा वास. खोबऱ्यासारखा जो वास येतो तो ओकमधल्या लॅक्टोनचा, अन् लाकडानी पिऊन ठेवलेली व्हिस्की हळूहळू बिअरमध्ये उतरते, म्हणून नुसता एसेन्स टाकून ती चव येत नाही, महिने द्यावे लागतात. ब्रुअर लोकं पिंपाच्या तोंडाला एक स्टीलचा खिळा ठोकून ठेवतात, पकडीनी ओढला की बारीक धार सुटते, ग्लासात घोटभर घ्यायची अन् खिळा परत ठोकायचा. बूच उघडत नाहीत, कारण बूच उघडलं की हवा आत जाते.

अन् हवा म्हणजेच खरी गोम. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. पिंपातून पाणी अन् अल्कोहोल उडतं, रिकाम्या जागेत हवा शिरते, मग अॅसिटोबॅक्टर नावाचे जंतू अल्कोहोलचं व्हिनेगर करून टाकतात. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के माल उडतो तर ते त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात, आपल्याकडचे देवदूत तर तहानलेलेच असतील ना बाप्पा. म्हणजे पिंपं ठेवायला वर्षभर थंड खोली पाहिजे अन् ते वीजबिल तुमच्या ग्लासात येतं. किंमत तिप्पट असण्यात काही लूट नाही, निदान सगळीच नाही.

उन्हाचं हे भांडण जुनं आहे हो, बव्हेरियात 1553 साली 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी घातली होती, उन्हाळ्यात खराब व्हायची म्हणून. मग मार्चमध्येच जरा दमदार बनवून थंड तळघरात ठेवायचे, तीच मार्झेन. सीझनल म्हणजे मुळात हे, लेबलवर आंब्याचं चित्र नाही.

आपला सीझन कोणता? संत्रा! बेल्जियमची गव्हाची विटबिअर असते, तिच्यात संत्र्याची साल अन् चक्क धने घालतात. त्या सीझनल पानावर तीही होती, पण एक घोट घेतला अन् तोंड कडू. माझा अंदाज, त्यांनी रस ओतला होता. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, उरतो आंबटपणा, अन् संत्र्याच्या रसात थोड्या वेळानी लिमोनिन नावाचं कडवट प्रकरण तयार होतं, घरी रस काढून ठेवला की बघा. वास सालीत असतो. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला निघणारं, संत्रं घ्या, साल दिव्यासमोर दुमडा, फस्सकन तेल उडतं अन् ज्योत तडतडते, ते पाहिजे बिअरला. आतला पांढरा भाग नको, तो कडू.

अन् सावजीसोबत ती जड स्टाउट मागवू नका, अल्कोहोल जितकं जास्त तितकी तिखटाची आग वाढते, माझा मित्र अर्धा तास नाक पुसत होता. तिच्यासोबत संत्रा बर्फी खा. आम्ही शेवटी तेच केलं, डबा मित्राच्या डिक्कीत होता, वर्ध्याला सासरी न्यायचा होता. तिथे दारूबंदी, म्हणून बर्फीच नेत होता बिचारा, ती पण अर्धीच पोहोचली.